ताणाचे पोस्टर आणि चौघांचे हात

मुलगा किंवा मुलगी ‘कमर्शियल’ला आहे, एवढे सांगून आपल्याकडचे आईबाप थांबतात. पुढे कोणी विचारलेच, तर ‘चित्रं काढतो, कॉम्प्युटरवर बसतो’ असे उत्तर मिळते. त्यात त्यांचा दोष नाही. डॉक्टर काय करतो, मास्तर काय करतो, वकील काय करतो हे आपण तीन पिढ्या पाहत आलो. परंतु उपयोजित कला शिकणारे पोर नेमके काय करते, हे पाहण्याची आपल्या घरांना अजून सवय झालेली नाही. बिस्किटाच्या पुड्यावरचे वेष्टन, बँकेचे बोधचिन्ह, पुस्तकाचे मुखपृष्ठ, दवाखान्याच्या भिंतीवरचे पोस्टर, या सगळ्यामागे कोणीतरी बसून अक्षर आणि चित्र यांची जुळणी केलेली असते. ते काम ही मुले शिकतात. कलानिकेतन महाविद्यालय, दळवीज आर्ट्स इन्स्टिट्यूट अशा संस्था असलेल्या आपल्या कोल्हापुरात हे शिक्षण घरापासून एका केएमटीच्या अंतरावर आहे.

या मुलांना वर्गात जे विषय मिळतात, त्यांत समाजोपयोगी विषय पुष्कळ असतात. पाणी वाचवा, रक्तदान करा, व्यसन सोडा. अलीकडच्या काळात त्यात एक विषय हटकून येतो, तो म्हणजे ताण. तीन-चार जणांचा गट करायचा, विषयाचा अभ्यास करायचा आणि पोस्टर, घडीपत्रक, एखादी छोटी पुस्तिका असा संच तयार करून सबमिशनला ठेवायचा. गंमत अशी की, या विद्यार्थ्यांच्या आयुष्यात सर्वांत मोठा ताण कशाचा, असे विचारले तर पहिले उत्तर ‘सबमिशन’ हेच येईल.

आपल्या पोरांना असा प्रकल्प मिळाला, तर तो त्यांनी कसा करावा आणि घराने त्यांना काय हातभार लावावा, हा या लेखाचा विषय. वरवर पाहता ही कॉलेजातली बाब. परंतु तिच्यात आपल्या घरांचा फार मोठा वाटा आहे, हे पुढे दिसेल.

परके चित्र

ताणावरची बहुतेक पोस्टरे एकसारखी दिसतात. एक माणूस दोन्ही हातांनी डोके धरून बसला आहे. अंगात कोट, समोर लॅपटॉप, भोवती फायलींचे ढीग, डोक्यावर काळा ढग. खाली ओळ, ‘तणावमुक्त जगा’. हे चित्र कोठून आले? परदेशातल्या कचेरीतून आले, इंटरनेटवरून उतरवले आणि आपल्या भिंतीवर चिकटवले. त्यातला माणूस सिद्धार्थनगरातला नाही, सदर बाजारातला नाही, शिरोलीच्या फौंड्रीत तिसरी पाळी करून आलेला नाही, इचलकरंजीच्या मागावर बारा तास उभा राहिलेला नाही. दुसऱ्याच्या घरी धुणीभांडी करून, रेशनच्या रांगेत उभी राहून, संध्याकाळी मुलाच्या फीचा विचार करणारी बाई तर त्यात कुठेच नाही. मग ते पोस्टर पाहून आपला माणूस काय म्हणणार? ‘हे साहेब लोकांचं दुखणं दिसतंय’, असे म्हणून पुढे जाणार.

गटाने पहिले काम करावे ते हे की, पेन्सिल खाली ठेवावी आणि वही हातात घ्यावी. प्रत्येकाने आपापल्या घरी, गल्लीत, एसटीत, चहाच्या टपरीवर कान उघडे ठेवून एक आठवडा फिरावे. लोक ‘मला ताण आला आहे’ असे म्हणत नाहीत. ते म्हणतात, ‘जिवाला घोर लागलाय.’ ‘डोस्कं भणभणतंय.’ ‘पोटात गोळा आला.’ ‘जीव टांगणीला लागला.’ ‘डोक्यात भुंगा लागलाय.’ ‘रातभर डोळ्याला डोळा नाही.’ आणि सगळ्यांत जास्त, ‘लई टेन्शान हाय बघ.’ यातले प्रत्येक वाक्य म्हणजे एक तयार चित्र आहे. भुंगा घराच्या तुळईला लागतो. वरून लाकूड धडधाकट दिसते, आतून भुसा होत असतो. ज्याने हे पाहिले आहे, त्याला ताण म्हणजे काय हे समजावून सांगावे लागत नाही. कमावता माणूस हसतो-बोलतो, कामावर जातो, पगार घरी आणतो, आणि आत भुसा होत असतो. कोट घातलेल्या साहेबापेक्षा हे चित्र आपल्या माणसाच्या जास्त जवळचे आहे. ते शोधायला पैसे लागत नाहीत, आईजवळ बसावे लागते.

ज्या मुलाच्या घरी पुस्तकांचे कपाट नाही, नेट धड चालत नाही, त्याला गटात नेहमी वाटते की आपल्याकडे द्यायला काही नाही. या कामात त्याचे घर हेच सर्वांत मोठे साहित्य आहे. हे त्याला कोणीतरी सांगायला हवे. शिक्षक सांगतीलच असे नाही, म्हणून घरच्यांनी सांगावे.

ताण म्हणजे काय

विषयाचा अभ्यास करताना मुलांनी शरीराची बाजूही नीट समजून घ्यावी. संकट समोर दिसले की शरीर आपोआप तयारीला लागते. अॅड्रिनॅलिन, कॉर्टिसॉल अशी द्रव्ये रक्तात उतरतात, काळीज जोरात धडधडते, श्वास भरभर होतो, हाताला घाम येतो, स्नायू ताठ होतात, पचन मंदावते. कुत्रा अंगावर आला तर पळण्यासाठी ही तयारी उपयोगी आहे. परीक्षेच्या आदल्या दिवशी थोडी धडधड झाली तर अभ्यासही चांगला होतो. बिघाड होतो तो ही तयारी उतरतच नाही तेव्हा. महिनोन् महिने शरीर पळण्याच्या पवित्र्यातच राहते. मग झोप उडते, डोके दुखते, पित्त होते, रक्तदाब वाढतो, वाचलेले लक्षात राहत नाही, बारीकसारीक गोष्टीवर घरच्यांवर खेकसणे होते. पोर उर्मट झाले असे आपण समजतो. पुष्कळदा ते दमलेले असते.

शरीराच्या या अवस्थेला ‘स्ट्रेस’ हे नाव रुळवले ते हान्स सेली या शास्त्रज्ञाने. १९३६ साली कॅनडातील मॉन्ट्रियल येथे काम करीत असताना त्याने आपले पहिले टिपण प्रसिद्ध केले. हा शब्द त्याआधी लोखंड, तुळया, पूल यांच्या शास्त्रात होता. किती ओढले म्हणजे सळी वाकते आणि किती ओढले म्हणजे तुटते, हा तो हिशेब. आमच्या उद्यमनगरातल्या आणि शिरोलीतल्या कामगाराला हा हिशेब पुस्तकाशिवाय कळतो. इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्यालाही कळतो. ताण्याचा धागा सैल राहिला तर गुंतागुंत होते, फार ओढला तर तुटतो आणि माग थांबवावा लागतो. विहारात सोण भिक्खूची कथा ज्यांनी ऐकली आहे, त्यांना वीणेच्या तारा आठवतील. चालून चालून पाय रक्तबंबाळ करून घेतलेल्या सोणाला भगवंतांनी वीणेबद्दलच प्रश्न विचारले होते. तार फार ताणली तर सूर लागतो का, फार सैल सोडली तर लागतो का. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा दृष्टान्त ताणावर काम करणाऱ्या कोणत्याही गटाच्या वहीत पहिल्या पानावर शोभेल.

मात्र एक सावधगिरी हवी. तार कोणी ताणली, हा प्रश्न पोस्टरमधून गायब होता कामा नये. दीर्घ श्वास घ्या, सकारात्मक विचार करा, सकाळी चाला, हे सगळे ठीक आहे. परंतु ज्याची शिष्यवृत्ती वर्षभर अडकली आहे, ज्याला वर्गात आडनावावरून टोमणे ऐकावे लागतात, त्याला केवळ श्वास घ्यायला सांगणे म्हणजे जखमेवर फुंकर मारून पाठवून देणे झाले. हैदराबादच्या केंद्रीय विद्यापीठातील रोहित वेमुला जानेवारी २०१६ मध्ये गेला. मुंबईत पदव्युत्तर वैद्यकीय शिक्षण घेणारी, जळगावकडची आदिवासी मुलगी डॉ. पायल तडवी मे २०१९ मध्ये गेली. या दोघांच्या माता, राधिका वेमुला आणि अबेदा तडवी, यांनी २०१९ मध्येच एकत्र येऊन उच्च शिक्षणसंस्थांतील भेदभावाविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात याचिका दाखल केली. ताणाची कारणे माणसाच्या आतच असतात असे नाही, हे या दोन मातांनी देशासमोर मांडले. ताणावर अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्याला ही माहिती असलीच पाहिजे.

गट म्हणजे वाटणी नव्हे

आता गटाकडे येऊ. गटात काम करायचे म्हटले की मुले लगेच कामाची वाटणी करतात. एकाने मजकूर लिहायचा, एकाने चित्र, एकाने कॉम्प्युटर, एकाने प्रिंट काढून कापून माउंट बोर्डावर चिकटवायचे. वाटणी सोयीची वाटते, परंतु तिच्यात एक चोरवाट आहे. ज्याच्या घरी लॅपटॉप, त्याच्या घरी सगळे जमतात. ज्याच्या घरी जमतात, त्याच्याच कल्पनेला मान मिळतो. कागलहून किंवा गडहिंग्लजहून एसटीने येणारा मुलगा शेवटची गाडी चुकेल म्हणून सहालाच उठतो, आणि खरी चर्चा सातला सुरू होते. मुलीला घरून दिवेलागणीच्या आत परत यायला सांगितलेले असते. मग या दोघांच्या वाट्याला काय येते? कापणे, चिकटवणे, रेघा मारणे, रंग भरणे. मेहनत त्यांची, निर्णय दुसऱ्याचा. आणि नाव शेवटी.

आपल्या समाजाला ही वाटणी नवी नाही. हात आपले आणि डोके दुसऱ्याचे, हा धंदा फार जुना आहे. विशीतली मुले तो जाणूनबुजून करतात असे मुळीच नाही. बहुतेकदा ती चांगल्या मनाची असतात, फक्त घड्याळ आणि लॅपटॉप कोणाच्या बाजूने आहेत हे त्यांच्या ध्यानात येत नाही. म्हणून पहिल्याच बैठकीत हे बोलून टाकावे. बैठक कॉलेजच्या वेळेत, कॉलेजातच व्हावी. कल्पना निवडताना चौघांनी चार कच्ची स्केचेस नावाशिवाय भिंतीवर लावावीत आणि मग त्यावर बोलावे. कोणाची कल्पना हे कळले नाही की कल्पनेवरच बोलणे होते. चिकटवण्याचे काम चौघांनी मिळून करावे आणि मजकुराचा शेवटचा शब्दही चौघांनी मिळून ठरवावा. यात वेळ जास्त जातो हे खरे. पण गटातला एकजण रोज मन मारून बसला असेल, तर त्या गटाने ताणावर काढलेले पोस्टर खोटे पडते.

मिळून केलेल्या कामाचे नमुने पाहायचे असतील तर कोल्हापूरकराला लांब जावे लागत नाही. आनंदराव आणि बाबूराव मेस्त्री या भावांनी नाटकांचे पडदे मिळून रंगवले आणि सिनेमाचा कॅमेराही मिळूनच करायला घेतला. १९१६ मध्ये आनंदराव वारले. बाबूरावांनी ते काम सोडले नाही. कॅमेरा पुरा केला आणि १९२० साली ‘सैरंध्री’ हा चित्रपट लोकांसमोर आणला. हेच आपले बाबूराव पेंटर. चित्रपटाचे पोस्टर ही कलावस्तू आहे, हे त्यांनी देशाला दाखवून दिले. आज उपलब्ध असलेल्या भारतीय चित्रपटांच्या सर्वांत जुन्या पोस्टरांत त्यांच्या १९२४ सालच्या ‘कल्याण खजिना’चे पोस्टर मोडते. त्यांच्याच कंपनीत तयार झालेले विष्णुपंत दामले आणि साहेबमामा फत्तेलाल यांची जोडी तर प्रसिद्धच आहे. एक हिंदू, एक मुसलमान. एकाचा हात यंत्रात, दुसऱ्याचा रंगात. १९२९ मध्ये कोल्हापुरात ‘प्रभात’ स्थापन करणाऱ्या भागीदारांत हे दोघे होते, आणि त्यांनी मिळून दिग्दर्शित केलेल्या ‘संत तुकाराम’चा पुढे १९३७ मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. अमुक दृश्य दामल्यांचे आणि तमुक फत्तेलालांचे, अशी वाटणी कोणी करून दाखवावी.

दुसरा नमुना आपल्या अधिक जिव्हाळ्याचा आहे. ‘भीमायन’ नावाचे चित्रमय पुस्तक २०११ साली दिल्लीच्या नवयान प्रकाशनाने काढले. बाबासाहेबांच्या आयुष्यातले पाण्याचे, प्रवासाचे आणि निवाऱ्याचे प्रसंग त्यात आहेत. चित्रे मध्य प्रदेशातील परधान गोंड चित्रकार दुर्गाबाई व्याम आणि सुभाष व्याम या पती-पत्नीची. मजकूर श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांचा. अशा पुस्तकात पानावर चौकटी आखून प्रत्येक चौकटीत एक प्रसंग काढायची पद्धत आहे. व्याम दांपत्याने ती मानली नाही. माणसांना डब्यात कोंबणे त्यांच्या कलेला मंजूर नव्हते. मजकूर करणाऱ्यांनी हट्ट धरला नाही, आणि सबंध पुस्तकाचे रूपच बदलले. चौकटींच्या जागी वळणदार नक्षी पान विभागत गेली. त्याहून मोठी युक्ती बोलण्याच्या फुग्यांत आहे. मायेने बोलणाऱ्याचे, सोसणाऱ्याचे शब्द पक्ष्याच्या आकारात. आणि जातीचा विखार ओकणाऱ्याचे शब्द विंचवाच्या नांगीच्या आकारात. निरक्षर आजीलाही पान पाहून कळते की इथे कोणीतरी डंख मारला आहे. बडोद्यात १९१७ साली परदेशातून शिकून आलेल्या माणसाला राहायला छप्पर मिळू नये, यातला मनस्ताप कोणत्या काळ्या ढगाने दाखवता आला असता? नांगीने दाखवता आला. एकाने लिहून दिले आणि दुसऱ्याने निमूट काढले, अशी रीत असती तर ही नांगी पुस्तकात आली नसती.

दोरीवरचे पोस्टर

एक कल्पना इथे सुचवावीशी वाटते. आपल्या देवनागरी अक्षराची गंमत अशी की, ते वरच्या रेघेला लोंबकळते. इंग्रजी अक्षर जमिनीवर उभे राहते, मराठी अक्षर शिरोरेषेला टांगलेले असते. ही शिरोरेषा म्हणजे धुणे वाळत घालायची दोरी समजा. ‘ताण’ हा शब्द मोठा लिहायचा, त्याची शिरोरेषा पोस्टरच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत ओढायची, आणि चौघांनी आपापल्या घरातली एकेक वस्तू त्या दोरीला लावायची. एकाने एसटीचा पास, एकाने बापाचे पाळीचे कार्ड, एकीने गॅसचे पुस्तक, एकाने फीची पावती. दोरी मध्ये वाकली पाहिजे, तुटता कामा नये. आणि जिथे ती फार वाकली आहे, तिथे खालून एक बांबू लावायचा, जसा आपण अंगणात लावतो. त्या बांबूवर मदतीचा फोन नंबर. यात डोके धरून बसलेला माणूस नाही, ढग नाही. चौघांपैकी कोणालाही वगळले तर दोरीवरचे एक ओझे कमी होते, म्हणजे चित्रच अपुरे राहते. अर्थात ही एक वाट झाली. मुले याहून चांगले काढतील.

तांत्रिक बाबतीत दोन गोष्टी गटाने आधीच ठरवाव्यात, नाहीतर सबमिशनच्या आदल्या रात्री रडायची पाळी येते. पहिली फॉन्टची. एकाने जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये मजकूर टाइप केला आणि तो फॉन्ट दुसऱ्याच्या कॉम्प्युटरवर नसला, की सगळ्या अक्षरांची खिचडी होते. सर्वांनी युनिकोडच वापरावा. मुंबईच्या ‘एक टाइप’ या अक्षररचनाकारांच्या गटाने केलेले ‘मुक्ता’, ‘बालू’ असे चांगले मराठी फॉन्ट फुकट मिळतात. तेही मिळून केलेले काम आहे. दुसरी गोष्ट ओळींमधल्या अंतराची. इंग्रजीच्या मापाने ओळी जवळ घेतल्या, तर वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीच्या वेलांट्या एकमेकींत अडकतात. पोस्टर भिंतीवर लावून दहा पावले मागे जावे आणि चष्मा लागलेल्या माणसाकडून वाचून घ्यावे.

काय काढू नये

इथे थोडे स्पष्ट लिहिणे भाग आहे. ताणाचा विषय हाताळताना मुले जोशात येऊन गळफास, ब्लेड, औषधाची बाटली, रेल्वेचा रूळ असे काहीतरी काढतात. मन हेलावेल असा त्यांचा हेतू असतो. परिणाम उलटा होऊ शकतो. जो आधीच खचलेला आहे, त्याला ते चित्र वाट दाखवल्यासारखे होते. जागतिक आरोग्य संघटनेने वृत्तपत्रांसाठी जी मार्गदर्शक सूत्रे दिली आहेत, त्यांतही आत्महत्येची पद्धत वर्णन करू नये, तिला उपाय म्हणून दाखवू नये आणि मदत कुठे मिळेल ते जरूर सांगावे, असे म्हटले आहे. पोस्टरलाही तोच नियम लावावा. तसेच ‘कमजोर’, ‘वेडा’, ‘पळपुटा’ असे शब्द टाळावेत. मदत मागणारा माणूस चित्रात उभा दाखवावा, कोपऱ्यात गुडघ्यांत डोके घातलेला नव्हे. आणि त्याच्यासमोर ऐकणारा कोणीतरी असावा.

मदतीचा नंबर कोणता? केंद्र सरकारची टेलिमानस ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. १४४१६ या नंबरावर दिवसरात्र केव्हाही, फुकट, मराठीतूनही बोलता येते. सर्वोच्च न्यायालयाने २५ जुलै २०२५ च्या निकालात शिक्षणसंस्थांना मार्गदर्शक सूचना घालून दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत प्रशिक्षित समुपदेशक असावा. टेलिमानससारख्या सेवांचे नंबर वसतिगृहात, वर्गात आणि सर्वांच्या वावराच्या जागी मोठ्या, वाचता येतील अशा अक्षरांत लावावेत, असे त्यात आहे. मोठ्या, वाचता येतील अशा अक्षरांत! न्यायालयाने हे काम एका अर्थी या पोरांच्याच हातात दिले आहे. म्हणजे हा प्रकल्प मार्कांपुरता करून गुंडाळून ठेवायची गरज नाही. गटाने आपल्या कॉलेजच्या प्राचार्यांना भेटून, ‘सर, हे पोस्टर जिन्याजवळ आणि मुलींच्या खोलीत लावू द्या’ अशी विनंती करावी.

घराचा वाटा

पोर रात्रभर जागून काहीतरी रंगवत बसते, कागदावर पैसे उडवते, असे म्हणून चिडण्यापूर्वी ते काय करते आहे हे एकदा शेजारी बसून पाहावे. रंग, बोर्ड, प्रिंट यांचा खर्च असतो, आणि तो बोलायची मुलाला लाज वाटते. चौघांच्या गटात सगळ्यांत महाग प्रिंट काढायचे ठरले तर ज्याच्या घरी पैसे नाहीत तो गप्प राहतो आणि घरी येऊन जेवत नाही. गटाने खर्चाची मर्यादा पहिल्याच दिवशी ठरवावी, आणि ती ज्याला सर्वांत कमी परवडते त्याच्या ऐपतीवरून ठरवावी. घरच्यांनीही ‘किती लागतात?’ असे आपणहून विचारावे. द्यायला नसले तरी विचारावे. विचारले की निम्मा भार उतरतो.

पैशाच्या ताणावर पैशाचाच उपाय शोधला पाहिजे. अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी भारत सरकारची मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या पात्र विद्यार्थ्यांसाठी राज्याची भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्वाधार योजना आहे. राहण्या-जेवण्याचा खर्च तिच्यातून मिळतो. मुदत, अटी, कागदपत्रे यांची चौकशी समाजकल्याण कार्यालयात वेळेवर करावी. जातीचा आणि उत्पन्नाचा दाखला आयत्या वेळी काढायला धावणे हादेखील ताणच आहे, आणि तो बापाने एक दिवसाची रजा टाकून कमी करता येतो. शाहू महाराजांनी १९०८ साली अस्पृश्य मुलांसाठी कोल्हापुरात मिस क्लार्क वसतिगृह काढले, तेव्हा त्यांनाही हेच कळले होते की, पोराला राहायला-जेवायला मिळाल्याशिवाय त्याचे चित्त पुस्तकात लागत नाही.

आणि ताणावर पोस्टर काढणारे पोरच ताणाखाली असेल तर? झोप आठ-पंधरा दिवस नाही, जेवण सुटले, मित्र तोडले, आवडीची वही उघडत नाही, ‘माझा काय उपयोग’ असे बोलते, आपल्या वस्तू वाटून टाकते, ही चिन्हे दिसली तर ‘नाटकं करू नको’ म्हणू नये. अंगारा-धुपारा, दृष्ट काढणे यांत दिवस घालवू नयेत. शांतपणे विचारावे, ऐकून घ्यावे, एकटे सोडू नये आणि डॉक्टरकडे न्यावे. सीपीआर रुग्णालयात मानसोपचाराची सोय आहे. मानसिक आरोग्य कायदा २०१७ नुसार सरकारी सेवेतून असा उपचार मिळणे हा प्रत्येकाचा हक्क आहे. तो उपकार नव्हे. ताप आला तर आपण लपवत नाही, मग हे का लपवावे? लग्नाला अडचण येईल म्हणून मुलीचा आजार दडवणाऱ्या घरांना तर हात जोडून सांगणे आहे की, आधी मुलगी, मग लग्न.

पोस्टर तयार झाले की ज्युरीसमोर ठेवण्यापूर्वी ते लोकांसमोर ठेवावे. रविवारी वंदनेनंतर विहाराच्या भिंतीला टाचण्यांनी लावावे, सीबीएसच्या बाकावर बसलेल्या प्रवाशाला दाखवावे, फौंड्रीतून सुटलेल्या काकांना दाखवावे, आणि ‘आवडलं का?’ असे न विचारता ‘यात काय दिसतं?’ असे विचारावे. आवडलं का म्हटले की आपली माणसे भिडेखातर हो म्हणतात. कोणाला दोरी दिसली नाही, नंबर सापडला नाही, बांबू काठीसारखा वाटला, तर ते वहीत उतरवून घ्यावे आणि चौघांनी पुन्हा बसावे.

खालच्या कोपऱ्यात चौघांची नावे अकारविल्ह्याने, एकाच आकाराच्या अक्षरांत लिहावीत. एकेक प्रत प्रत्येकाने घरी न्यावी आणि जिथे दूधवाल्याचा हिशेब लिहिलेला असतो त्या भिंतीवर लावावी. कॅलेंडर बाजूला सरकवावे, नंबर झाकला जाऊ नये.